हळदीच्या मांडवात अडकलेलं शहर

रूपालीचा फोन आला तेव्हा मी सांगलीतल्या एका सभेहून नुकतीच घरी आले होते. घसा बसला होता. फोनवर नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट मुद्दा.

"ताई, भाषण द्यायचंय. मानधन नाही. माईक खरखरतो. समोर माझेच काका-काकू असतील आणि ते ऐकणार नाहीत. येताय?"

असल्या आमंत्रणाला नाही म्हणेल तो वक्ता कसला! बॅग तिथल्या तिथे भरायला घेतली.

रूपाली म्हात्रे ही पनवेल-उरण पट्ट्यातली मुलगी. आजोबा मिठागरात राबले, वडिलांनी खाडीकाठच्या खाजणात भात पिकवला आणि ती नगररचना शिकली. कधीकाळी माझ्या एका शिबिरात मागच्या रांगेत बसून मला उलटे प्रश्न विचारायची. आता तिने गावासाठी एक आराखडा केला होता. गावातल्या जमीनमालकांनी तुकड्या-तुकड्यांनी बिल्डरला विकण्याऐवजी जमिनी एकत्र आणायच्या आणि आपलं शहर आपणच वसवायचं. ते सूर्यावर चालेल. जेवढा कार्बन हवेत सोडेल तेवढा वर्षाअखेर भरून काढेल. खाजण आणि खारफुटी जागच्या जागी राहतील, घरं वरच्या माळावर येतील.

अडचण एकच, पण मोठी. माळाचा मधला तुकडा तिच्या वडिलांचा, धर्माशेठ यांचा होता. तो नसेल तर आराखड्याच्या पोटात भोक. आणि वडील म्हणाले होते, "गाव तुज्या बाजूनं उभं राहिलं तं जमीन तुजी. नाय तं मी बिल्डरला सही देतंय." रविवारी सकाळी गावाची बैठक होती. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. जमिनीचे व्यवहार पुरते मिटेपर्यंत ते झाकलेलं बरं.

सांगलीहून पनवेलला जाण्यासाठी मुंबईकडची कुठलीही एसटी पकडा. आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा लाभ घ्या आणि त्याबद्दल टोमणा मारणाऱ्या सहप्रवाशाला रस्ताभर व्याख्यान द्या. मी दिलं. घाट उतरेपर्यंत तो झोपेचं सोंग घेऊन पडला होता. घाट उतरला की हवा बदलते, अंगाला चिकटू लागते आणि हमरस्त्याच्या कडेला फलक सुरू होतात. माडांची चित्रं, हिरवळीवर धावणारं कुटुंब, 'निसर्गाच्या कुशीत घर'. त्या फलकाच्या खाली डोंगर अर्धा खणलेला होता. निसर्गाची कूस खणून तीच विकायला काढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

पनवेल स्थानकाबाहेर रिक्षावाल्याला सुकापूर सांगितलं. मीटरचा विषय काढला तर तो हसला. तेव्हा आधी ठरवा, मग बसा. त्याच्याकडून एक ज्ञान फुकट मिळालं.

"इकडं सगल्यांना शेठ बोलायचं, मॅडम. ज्याला शेठ नाय बोलला, तो रुसतो."

"आणि तुम्हाला?"

"मीपन शेठच. रिक्षा माजी हाय ना!"

सुकापुरात रूपालीचं भाड्याचं घर आहे, तेच कार्यालय. मुंबई-पुण्याहून आलेल्या नोकरदारांनी हे गाव बघता बघता भरून टाकलं आहे. संध्याकाळी तिने मला गच्चीवर नेलं. खाली टँकर उभे होते, वर विमानं उतरत होती. रूपालीने मात्र हात आडवा फिरवून आजूबाजूच्या इमारतींच्या माथ्यांकडे बोट केलं. जिथपर्यंत नजर जाईल तिथपर्यंत पाण्याच्या काळ्या टाक्या, तुटक्या कुंड्या आणि रिकामं सिमेंट.

"दिवसभर ऊन पडतं यांच्यावर," ती म्हणाली. "आणि खाली प्रत्येक घर लांबून आणलेल्या कोळशाच्या विजेवर एसी लावून त्याच उन्हाशी भांडतं."

वाचकहो, मी या विषयावरची पुस्तकं शेल्फभर वाचली आहेत. परिषदांतले जडजंबाल शब्द ऐकून कान किटले आहेत. पण त्या गच्चीवर जे कळलं ते एका श्वासात सांगता येतं: शहर उभं करताना आपण छप्पर बांधलं आणि सूर्य विसरलो. पुढचं शहर बांधताना तरी तो विसरू नये, इतकीच मागणी आहे. ही मागणी स्वप्नाळू वाटत असेल, तर डोंगर खणून त्यावर माडाचं चित्र लावणं हे व्यवहारी कसं, ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

शनिवारी पहाटेच कर्नाळ्याला गेलो. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की अर्ध्या तासात पक्षी अभयारण्याचं फाटक. प्लास्टिक नेऊ नका. तपासतात, आणि तपासायलाच हवं. पायवाट सावलीची आहे पण चढ खडा आहे. गुडघे कुरकुरत असतील तर काठी घ्या. पाणी भरपूर घ्या, वर काही मिळत नाही. माथ्यावर किल्ल्याचा तो प्रसिद्ध सुळका, अंगठ्यासारखा आभाळात रोवलेला. त्यावर मधमाश्यांची मोठाली पोळी असतात, म्हणून तिथे आवाज करायचा नाही असं सगळे बजावतात. मला गप्प बसवणारी महाराष्ट्रातली ती एकमेव जागा असावी. रूपालीने तसं बोलूनही दाखवलं.

वरून सगळं दिसतं. खाडीचे फाटे, खारफुटीचा काळपट हिरवा पट्टा, विमानतळाची सपाट पट्टी आणि चहूकडून सरकत येणाऱ्या इमारती. रूपालीने कुजबुजत्या आवाजात आपलं गाव दाखवलं, मग त्यामागचा पिवळा माळ. तिथे तिचं शहर होतं. घरांची छपरं दक्षिणेकडे उतरती. वाहनतळावर पॅनेलचं छत. प्रत्येक आळीला एक बॅटरीघर, दिवसाची वीज साठवून रात्री पुरवणारं. पावसाळ्यात ऊन कमी, तेव्हा बाहेरून वीज घ्यायची आणि उन्हाळ्यात जास्तीची परत द्यायची. भाकरीच्या पिठाची उसनवारी जशी शेजारणी-शेजारणीत चालते, तशी.

"आणि हे होईल?" मी विचारलं.

"सगळं मोजलंय, ताई. घरटी पंखे, फ्रीज, एसी, पंप, स्कूटरचं चार्जिंग. सगळं बसतं."

मी त्या मुलीकडे पाहिलं. उन्हाने तोंड लाल झालं होतं, आणि तिला स्वतःवर शंका नव्हती. मलाही नव्हती.

परतताना ती मला खारघरमधल्या बेलपाड्याला घेऊन गेली. "हे बघितल्याशिवाय माझं गाव कळणार नाही," म्हणाली. उंच इमारतींच्या मधोमध मूळ गाव अजून आहे. देऊळ आहे, अरुंद गल्ल्या आहेत, ओट्यावर पाय सोडून बसलेल्या बायका आहेत. शहर गावाला वळसा घालून गेलं आणि मग चहूबाजूंनी वाढलं. एका ओट्यावर आम्हाला चहा मिळाला. घरधनीण रूपालीला म्हणाली, "आमची खिडकी उघडली तं दुसऱ्याची भिंत. तू तुज्या गावाला आधीच सांग गो." रूपालीने कप खाली ठेवला आणि मान हलवली.

संध्याकाळी गावात पोचलो तर नेमकी एका घरी हळद होती. आगरी लोकांची हळद तुम्ही पाहिली नसेल, तर तुमचा प्रवास अपुरा आहे. लग्न एकवेळ साधं चालेल, हळद नाही. अख्खी गल्ली मांडवाखाली, मांडवभर दिव्यांच्या माळा, डीजेचे कपाटाएवढे स्पीकर, मागे चित्रं नाचवणारी एलईडीची भिंत आणि कोपऱ्यात डिझेलच्या जनरेटरची घरघर. बायका नखशिखांत सोन्यात. पाहुण्याला हाताला धरून जेवायला बसवतात. मला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि खाडीतली कोळंबी वाढली, आणि 'पुरे' हा शब्द कुणालाच कळत नव्हता. कळला नाही ते बरं झालं.

एका बाजूला सोनुबाय बसल्या होत्या. त्या धवलारीण. या समाजात लग्नाचे विधी लावणारी आणि त्या वेळची गाणी, म्हणजे धवला, म्हणणारी बाई. भटजीच्या आधी तिचा मान. सोनुबाय गात होत्या हे मला त्यांच्या ओठांवरून कळलं, कारण आवाज डीजेने गिळला होता. तो ठेका माझ्या बरगड्यांत घुसत होता. संगीताच्या नावाखाली माणसाला इतकं बडवणारं काही मी ऐकलेलं नाही. मी रूपालीला खुणेने म्हटलं, बाहेर चल.

बाहेर मागच्या आळीत चिटपाखरू नव्हतं. सगळं गाव मांडवात. पण प्रत्येक खिडकी उजळलेली, रिकाम्या खोल्यांत टीव्ही चालू, एसीच्या नळ्यांतून रस्त्यावर पाणी ठिबकतंय. मी वैतागून काहीतरी बोलले.  रूपाली घाईने पुढे चालत राहिली, मान खाली घालून, जणू ती आळी तिची नव्हतीच.

रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात बैठक भरली. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर, आणि माईक खरोखरच खरखरत होता. धर्माशेठ पहिल्या रांगेत, खांद्यावर टॉवेल, चेहऱ्यावरची रेघही हलत नाही. रूपालीने आराखडा भिंतीवर लावला आणि सोप्या भाषेत समजावला. प्रश्न आले, तिने उत्तरं दिली. घरं किती, देऊळ कुठे, मासळी सुकवायला जागा ठेवली का? ठेवली होती. माणसं पुढे सरकून बघू लागली. मी मनातल्या मनात समारोपाची वाक्यं जुळवत होते.

तेवढ्यात हरेश उठला. रूपालीचा वयाने बराच मोठा चुलतभाऊ, डीजेचा धंदा त्याचाच. काल बरगड्या हलवणारा हाच.

"रूपा, मना एकच सांग. शिमगा झाला का माज्या पोराची हलद हाय. अशी हलद तुज्या शहरात करायची बोलली तं तुज्या आलीच्या बॅटरीवर चालंल?"

रूपालीने सरळ सांगितलं, "नाही."

"मंग जनरेटर लावू."

"डिझेल जाळायचं तर कार्बनमुक्त कसलं, दादा?"

"मंग बाहेरून वीज घेव."

"एकदा चालेल. पण लग्नसराईत दर दोन दिवसांनी हळद. वर्षाचा हिशेब तिथेच बुडेल."

"मंग तू मोजलंस काय?" हरेशने गावाकडे वळून हात पसरले. "पंखा मोजला, फ्रीज मोजला. गावच्या पोरीनं हलद नाय मोजली! बिल्डर परवडला, तो बिचारा हलदीला येतो तरी!"

मंडप खदाखदा हसला. रूपालीने माईक हातात घट्ट धरला. परका माणूस हळद विसरला असता, कारण त्याला ती ठाऊकच नसते. हिला हळदीतला दिवा न् दिवा ठाऊक होता.

"विसरले नाही," ती म्हणाली. "मुद्दाम सोडली. वाटलं, शहर झालं की हे आपोआप जाईल."

हसू थांबलं. त्या शांततेपेक्षा डीजे बरा होता.

मला वाटलं, हीच माझी वेळ. मी उठले. विनाशापासून सुरुवात केली, वितळणारे हिमनग, बुडणारे किनारे, आणि मग वळले उधळपट्टीकडे. पृथ्वी तापते आहे आणि आपण भिंतीवर चित्रं नाचवतो आहोत! एरवी या वाक्याला टाळ्या पडतात. इथे सतरंजीवरच्या बायकांनी पदर सावरले आणि एकेक करून तोंड फिरवलं. माणसं निघून जाताना मी पाहिली आहेत. जागेवर बसून निघून जाताना प्रथमच पाहिली. मी वाक्य अर्ध्यावर सोडलं.

सोनुबाय बसल्या जागेवरून बोलल्या. माईक त्यांना लागत नाही.

"मॅडम, काल जेवल्याव ना आमचेकडं? मंग हलदीला नावं नका ठेवू. शेजारी आयला नाय तं ती हलद नाय. लांबून मानसं येत्यान, मांडव कुठं हाय ते दिसायला पायजे, म्हनून उजेड. आमचे टायमाला गॅसबत्त्या होत्या, त्यापन घराघरातून आनायच्या." मग हरेशकडे वळून, "बाकी तुज्या डीजेचं मना सांगू नको. त्यानं माजा धवला जित्ता गाडला!"

पुन्हा हशा झाला, पण धर्माशेठ हसले नाहीत. ते उठले. खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि पायऱ्यांकडे निघाले. सगळ्यांना कळलं, हा माणूस बिल्डरकडे निघाला.

"बाबा, थांबा," रूपाली म्हणाली.  "एवढं सांगून जा. बांधाला खांड पडायची तेव्हा तुम्ही काय करायचात?"

खाजणातलं भात म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्याशी रोजची लढाई. भरतीने मातीचा बांध फुटला की त्याला खांड म्हणतात. ती लगेच बुजवली नाही, तर खारं पाणी शेत नासवतं.

धर्माशेठ पाठमोरेच उभे राहिले. "काय करायचं? हाली दिली का घराघरातून एक मानूस चिखलात. ज्याचे शेतात पानी, त्याचे बांधावर सगलं गाव. आपलं शेत सुकं असलं तरी."

"आणि जो नाही आला?"

"त्याचे मांडवाला कोन जात नव्हतं."

 रूपाली माईक टाकून खाली सतरंजीशी आली.

"काल हळदीला घरी कोण होतं? हात वर करा."

एकही हात वर आला नाही.

"कोणीच नव्हतं! सगळे मांडवात. आणि घराघरात दिवे चालू, टीव्ही चालू, एसी चालू. मी बघितलं, ताईंनी बघितलं. मला लाज वाटली म्हणून मी बोलले नाही. पण अरे, ही तर हळदीचीच वीज! ज्याच्याकडे हळद, त्याच्या मांडवाला सगळ्या आळीने त्या संध्याकाळचा आपला वाटा द्यायचा. रिकामं घर बंद करून यायचं. खांडीवर माणूस जायचा, तसा घराघरातून उजेड जाईल. मी हळद मोजते, दादा. आत्ता मोजते."

मला सांगायला आनंद वाटतो की या कल्पनेत माझा वाटा शून्य होता. मी फक्त तोंड उघडं टाकून ऐकत होते, आणि हे माझ्या बाबतीत क्वचित घडतं.

हरेश डोकं खाजवत होता. "डीजे?"

"डीजे चालेल. एलईडीची भिंत नाही चालणार."

"अर्धी भिंत?"

"भिंत नाही. आणि धवला चालू असताना डीजे बंद."

"ह्ये बेस!" सोनुबाय गरजल्या. आता बायका बोलू लागल्या. कुणी म्हणे आमची आळी देईल, कुणी म्हणे म्हाताऱ्या माणसाचं घर सोडा, त्याचा पंखा चालू राहू दे. रूपाली मान डोलवत लिहून घेत होती. खुर्च्यांवरच्या पुरुषांना बोलायला जागाच उरली नाही.

धर्माशेठ पायरीवर परत बसले. "पोरी, तोंडानं भात शिजत नाय. हरेशचे पोराची हलद तुज्या विजेवर करून दाखव. लाइट गेली नाय तं सही माजी. गेली तं इषय संपला."

हरेशच्या आळीतल्या बऱ्याच घरांवर सूर्याची पॅनेल आधीपासून होती. बॅटऱ्या रूपाली भाड्याने आणणार होती. हरेशने मान डोलावली, पण जाता जाता टोमणा सोडला नाही: "माज्या पोराची हलद काली झाली ना रूपा, तं तुज्या लग्नात मी भजन लावीन!"

दुपारी शेतात पोपटी लावली. थंडीच्या दिवसांत या भागात आलात तर ही चुकवू नका. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेलं कोंबडं. मडकं उलटं करून भोवती पालापाचोळ्याचा जाळ. शून्य कार्बनचं शहर आम्ही धुरात बसून साजरं केलं, आणि मी त्यावर एक शब्दही बोलले नाही. शिकते आहे.

परतीची एसटी संध्याकाळची होती. खिडकीतून तेच फलक उलट्या क्रमाने गेले. सांगलीत आल्यावर मी माझ्या जुन्या भाषणांची टिपणं काढली आणि त्यांतला 'सोडा' हा शब्द किती ठिकाणी येतो ते पाहून दचकले. गाडी सोडा, एसी सोडा, हौस सोडा. लोकांनी काय आणायचं, हे मी सांगतच नव्हते. माझा विश्वास तसूभर हललेला नाही. सूर्यावर चालणारं शहर उभं राहणार आणि आपल्या डोळ्यांदेखत राहणार. पण ते उभं करणारी माणसं हिमनगाच्या भीतीने पुढे येतील असं मी समजत होते. ती पुढे येतात ती शेजाऱ्याच्या मांडवाला अंधार नको म्हणून.

शिमगा झाला. हरेशच्या मुलाच्या हळदीच्या संध्याकाळी मला घरात चैन पडेना. अखेर उठून घरातले सगळे दिवे, पंखा, टीव्ही बंद केले. सांगलीच्या माझ्या दिव्याचा पनवेलच्या बॅटरीशी काडीचा संबंध नाही, हे मला कळतं. तरी केले. जेवण अंधारातच उरकलं.

मग फोन वाजला. रूपालीचा नंबर, पण कानात आदळला तो डीजे. तोच बरगड्या मोडणारा ठेका. पलीकडून कुणीतरी ओरडत होतं.

"मॅडम! मी धर्मा म्हात्रे! ऐकू येतंय ना?"

"येतंय! लाइट?"

"हाय! अजून हाय! आख्खी आली, घर न् घर कालीकुट्ट आनि मांडवात नुसता उजेड! सही कुठं करायची ते पोरीला इचारतंय, तं ती बघतपन नाय. नाचतंय!"

फोन तसाच मांडवाकडे धरून ठेवलेला असावा. बायकांचा गलका, शिट्ट्या, आणि तो ठेका. अंधारात खुर्चीवर बसून मी तो ऐकत राहिले, आणि मध्येच डीजे थांबला तेव्हा वाटलं, लाइट गेली. पण पलीकडे सोनुबायनी धवल्याचा सूर लावला होता. तो संपला, आणि ठेका पुन्हा सुरू झाला. इतकं सुरेल संगीत मी आजवर ऐकलेलं नाही.